यादीतल्या फायली कॉपी करायच्यात? सीपीला राहू द्या, आरसिंक घ्या

तुम्ही विंडोजवर एक्सेलमधून बाराशे फोटोंच्या नावांची यादी काढलीत, लिनक्सवर येऊन डॉलर-कंसात कॅट (फाइलमधला मजकूर दाखवणारी आज्ञा) लिहून ती सीपीच्या, म्हणजे कॉपी करणाऱ्या आज्ञेच्या, गळ्यात उतरवलीत, आणि समोर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’चा पाऊस. फायली तर तिथेच आहेत. बरोबर ना?

यात दोन भानगडी आहेत. पहिली स्पेसची. ‘गणपती 2019.जेपीजी’ हे नाव शेल (तुमच्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) मधोमध तोडतो आणि सीपीला ‘गणपती’ नावाची एक आणि ‘2019.जेपीजी’ नावाची दुसरी फाइल शोधायला लावतो. दुसरी भानगड डोळ्यांना दिसत नाही. विंडोज ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं एक जादा अदृश्य अक्षर ठेवतं आणि शेल ते नावाचाच भाग समजतो. कॅटला डॅश आणि कॅपिटल ए देऊन यादी बघा. ओळीच्या शेवटी नुसता डॉलर हवा. त्याआधी टोपीवाला एम दिसला की चोर सापडला.

आरसिंक ही फायली कॉपी करणारी दुसरी आज्ञा. तिला डबल डॅश फाइल्स-फ्रॉम बरोबर यादीचं नाव, मग मूळ फोल्डर, मग पेनड्राइव्ह, एवढंच द्या. आरसिंक यादी ओळ न् ओळ वाचतं, त्यामुळे स्पेस चालते आणि विंडोजची शेपटीही आपोआप गळते. यादीतली नावं मात्र मूळ फोल्डरपासून पुढची हवीत. आधी डॅश एनव्ही लावून कोरडी तालीम करा, म्हणजे काहीही कॉपी न होता काय होणार ते दिसेल, मग एन काढा. पेनड्राइव्ह फॅटमध्ये फॉरमॅट केलेला असेल तर डॅश ए नको, मालकी-परवान्यांवरून उगाच कुरकुर होते. तारखा जपायला डॅश टी पुरे.

सीपीच वापरायचं असेल तर यादी डॉसटूयुनिक्समधून काढून विंडोजची शेपटी छाटा, यादीतली नावं दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या एक्सआर्ग्जला डॅश डी देऊन फक्त नव्या ओळीवर तोडायला सांगा आणि सीपीला डॅश टी देऊन मुक्कामाचं फोल्डर आधी द्या. सीपीचा हा डॅश टी वेगळा बरं का, तारखांशी त्याचा संबंध नाही. मॅकच्या सीपीत तो नाही.

यादीची एकेक ओळ वाचून दर वेळी सीपी चालवणारा व्हाइल-रीडचा लूप मीही वर्षानुवर्षं लिहिला. भाचीच्या साखरपुड्याला दोन कॅमेरे होते, दोघांचे नंबर एकापासून सुरू. सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं. लूपमध्ये प्रत्येक सीपी नवा, त्याला मागचं काही ठाऊक नसतं, तो त्याच नावाच्या आधीच्या फोटोवर गुपचूप नवा लिहीत गेला. यादीत 640, फोल्डरमध्ये 410. ताईने विचारलं, ‘अरे, अंगठी घालतानाचे कुठायत?’ मूळ कार्ड पुसलं नव्हतं म्हणून वाचलो. आरसिंक फाइल्स-फ्रॉमसोबत फोल्डरांची रचना तशीच ठेवतं, तिथे ही टक्कर होत नाही. सीपीत तसं हवं असेल तर डबल डॅश पेरेंट्स आहे.

झाल्यावर डब्ल्यूसी डॅश एलने यादीच्या ओळी मोजा आणि पेनड्राइव्हवरच्या फायलींशी ताडून बघा. यादीच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर डब्ल्यूसी एक कमी सांगेल, आणि व्हाइल-रीड तर ती ओळ चक्क गिळतो.

तरीही अडलं तर कॅटने दाखवलेल्या पहिल्या पाच ओळी इथे टाका.