चोथ्याला उष्मांक असतात का?

प्रश्न : चोथा (अन्नातले तंतू, फायबर) पचतच नाही, मग त्यातून ऊर्जा शून्यच ना? पाकिटावर कर्बोदकांतून तंतू वजा करून ‘नेट कार्ब’ लिहिलेलं असतं. मी मधुमेही आहे, इन्सुलिनही त्यावरूनच घेते.

उत्तर : पुन्हा तेच ‘नेट कार्ब’! चोथा लहान आतड्यात पचत नाही, कारण तो तोडणारी विकरं (एन्झाइम) आपल्याकडे नाहीत. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे ती आहेत. तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून ते तंतू आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही छोटी मेदाम्लं बनतात. ब्युटिरेट बहुतांशी आतड्याच्या अस्तरातल्या पेशीच वापरतात. ते त्यांचं मुख्य इंधन. प्रोपिओनेट यकृत घेतं, अ‍ॅसिटेट रक्तातून स्नायूंपर्यंत जातं. म्हणून तंतूंना ग्रॅममागे सरासरी २ किलोकॅलरी धरतात, पिष्टाला (स्टार्चला) ४. सरासरीच ही! पेक्टिन, इन्युलिन हे तंतूंचेच प्रकार, ते जवळपास सगळे आंबतात. सेल्युलोज बरंचसं आलं तसं निघून जातं. तंतूंची थेट साखर होत नाही, एवढं मात्र खरं. विक्रेते तेवढंच धरून बसतात. पाकीट वाचून इन्सुलिनची मात्रा बदलू नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मग वजन उतरवायला चोथा कमी करू?

उत्तर : मुळीच नाही.

प्रश्न : गाय गवतावर जगते, आपण का नाही?

उत्तर : तिचं आंबवण लहान आतड्याच्या आधी होतं, आपलं सगळ्यात शेवटी. आपल्याला त्यातून दिवसाच्या ऊर्जेचा फार तर दहावा हिस्सा मिळतो.

प्रश्न : तंतूंची पावडर घेतल्यापासून पोट फुगतं. विकणारा म्हणतो, विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत.

उत्तर : वायू बाहेर पडतोय. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही. मात्रा निम्म्यावर आणा, हळूहळू वाढवा, पाणी भरपूर प्या. थायरॉइडची किंवा दुसरी कुठली गोळी चालू असेल, तर दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

प्रश्न : आठ महिने शौचातून अधूनमधून रक्त जातं. चोथा वाढवल्यावर कमी झालंय. आणखी वाढवू?

उत्तर : आठ महिने! अहो, मूळव्याध असेलही, पण न तपासता ते ठरवलं कोणी? शेजाऱ्यांनी? चोथ्याने शौच मऊ होतं, रक्त कमी दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. मला धास्ती वाटते ती याचीच. चोथा चालू ठेवायचा का, हेही तपासणीनंतर बघू. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.