बाबा विसरतात, की त्यांना नीट ऐकूच येत नाही?

प्रश्न असा आहे: वडील ७१ वर्षांचे, निवृत्त. रोज शब्दकोडं सोडवतात, तरी सांगितलेलं विसरतात आणि चारचौघांत गप्प बसून राहतात. मेंदू तल्लख राहावा म्हणून कोणतं ॲप द्यावं, की ब्राह्मी सुरू करावी?

दोन्ही राहू द्या. आधी कान तपासा. वयाबरोबर कानातून सर्वात आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ ही व्यंजनं गळतात. "साठ रुपये दे" म्हटलं की कानावर "आठ" पडतं. म्हणूनच अशी माणसं "ऐकू येतंय, पण कळत नाही" म्हणतात, आणि ते खरं असतं. गळलेली अक्षरं अंदाजाने भरण्यातच डोकं खर्ची पडतं, लक्षात ठेवायला काही उरत नाही. घरचे म्हणतात, "बाबा विसरतात." पण जे नीट कानावर पडलंच नाही, ते विसरणार कसं? ओरडूनही उपयोग नाही, त्याने स्वर तेवढे मोठे होतात. स्वयंपाकघरातून हाक मारण्यापेक्षा समोर येऊन, तोंडावर उजेड असताना, सावकाश बोला.

कान-नाक-घसा डॉक्टरांकडून मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करा. एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं असेल, तर मात्र थांबू नका. शक्य तितक्या लवकर दाखवायला हवं.

कानाचं मशीन लागलं तर ऑडिओग्राम (त्या तपासणीचा आलेख) न बघता ऑनलाइन मिळणारं स्वस्त यंत्र घेऊ नका. ते कुकरची शिट्टी आणि बोलणं सारखंच मोठं करतं. पहिला आठवडा घरात, एकाच माणसाशी बोलताना, एक-दोन तास. रोज दहा मिनिटं मोठ्याने पेपर वाचून घ्या. पुढच्या आठवड्यात टीव्ही. लग्नघर आणि मंडई महिनाभराने. पहिल्याच दिवशी समारंभात लावलं, तर मशीन ड्रॉवरमध्ये जाऊ शकतं. स्वतःचा आवाज घुमतो म्हणाले तर कानात बसणाऱ्या साच्यातलं हवेचं छिद्र मोठं करून घ्यावं लागतं. शिट्टी वाजते म्हणाले तर साचा सैल आहे किंवा मळ साचलाय. सेटिंगसाठी दोन-तीन फेऱ्या धरूनच चाला. बटन सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिट-दोन मिनिटं हवा लागू द्या, मगच बसवा. पावसाळ्यात रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. आणि डोक्याला तेल मशीन काढल्यावरच लावा. माइकचं छिद्र तेलाने बुजतं.

मशीनने स्मृतिभ्रंश टळतो असं मी म्हणणार नाही. कानाच्या मशीनच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवरच्या अमेरिकी चाचणीत तीन वर्षांनी एकूण गटात फरक दिसला नाही. ज्यांना आधीच जास्त धोका होता त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. माझ्या मते मशीन लावायला एवढं पुरे.

त्याच आठवड्यात रक्त तपासा: बी-१२, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम, हिमोग्लोबिन, साखर. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि रोज ॲसिडिटीची गोळी, या तिन्हींनी बी-१२ घटतं. कमी निघालं तर नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी चालूच राहते. गोळ्यांची पिशवी अख्खी डॉक्टरांसमोर ठेवा. सर्दीची एव्हिल, झोपेची अल्प्राझोलाम आणि बीपीच्या गोळीतलं लघवी वाढवणारं औषध, जे सोडियम उतरवतं, हे तिन्ही डोकं धूसर करू शकतात. झोपेची गोळी मनाने एकदम बंद करू नका, हळूहळूच सोडवावी लागते.

शब्दकोड्याने माणूस शब्दकोड्यातच तरबेज होतो. अडखळायला लावेल असं काहीतरी नवं हवं. मोडी लिपी शिकू शकतात: रोज २०-२५ मिनिटं, आणि कालची अक्षरं आज न बघता लिहायची. चुकली की मगच बघायचं. त्याहून बरं भजनी मंडळ. नवा अभंग पाठ करा, ताल सांभाळा, वर माणसं भेटतात. पण मशीन लावून जा, नाहीतर तिथेही कोपऱ्यात बसतील.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं. वेग असा, की बोलता येईल पण गाता येणार नाही. सोबत हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं; खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा.

चष्मा कुठे ठेवला हे न आठवणं वेगळं. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशाच्या व्यवहारात गोंधळ, तासाभरात तोच प्रश्न चार वेळा, यांपैकी काही दिसलं तर न्यूरोलॉजिस्टकडे न्या. आणि दोन-तीन दिवसांतच अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागले, तर त्याला म्हातारपण समजू नका. लघवीचा संसर्ग किंवा उतरलेलं सोडियमही असू शकतं; त्याच दिवशी दवाखाना गाठा.