चीनच्या शैक्षणिक सहलीत शाळा आणि सांस्कृतिक स्थळं कशी निवडावीत?

तुमच्या शाळेतले बारा शिक्षक दहा दिवसांसाठी जाणार आणि एजंटाने पाच शहरं, चार शाळा असा कार्यक्रम हातात ठेवलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी गणित शिकवते. २०१९च्या मे महिन्यात अशाच एका गटाबरोबर गेले होते. माझं ऐकाल तर दोन शहरं आणि दोन शाळा आजच यादीतून काढा. एकाच शाळेत सकाळच्या घंटेपासून दुपारच्या जेवणापर्यंत बसायला मिळालं, तर बाकी काही राहिलं तरी चालेल.

पहिल्या शाळेत आमचं जोरदार स्वागत झालं. नाच, ब्रशने अक्षरं काढून दाखवणं, फोटो, आणि दीड तासात आम्ही परत बसमध्ये. मुलांनी सगळं मनापासून केलं, पण वर्ग बघायचा राहूनच गेला. दुसऱ्या शाळेत आम्ही हट्टाने मागच्या बाकावर जागा मागितली. सहावीचा वर्ग, पंचेचाळीसेक मुलं, अपूर्णांकांचा भागाकार. चाळीस मिनिटांत उदाहरणं झाली फक्त तीन. एका मुलीची रीत फळ्यावर चुकली, तर बाईंनी ती पुसली नाही. शेजारीच एका मुलाला त्याची रीत मांडायला लावली आणि दोन्हींची वाट नेमकी कुठे वेगळी झाली ते वर्गाला शोधायला सांगितलं. मला भाषेचं अक्षर कळत नव्हतं, पण गणित कळत होतं. ती मुलगी स्वतःच उठून आपली चूक दाखवायला गेली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नंतर स्पीकरवर संगीत लागलं आणि सगळी मुलं डोळे मिटून भुवयांजवळ, नाकाच्या बाजूला बोटांनी दाबायला लागली. हा डोळ्यांचा व्यायाम तिथल्या शाळांमध्ये १९६०च्या दशकापासून चालत आलाय. वर्ग झाडणं, फळा पुसणंही पाळीपाळीने मुलंच करतात.

पण खरं शिकण्यासारखं मला तास संपल्यावर दिसलं. आमच्या शेजारी त्याच शाळेतले गणिताचे इतर शिक्षक वह्या घेऊन बसले होते. तासानंतर ते बाईंबरोबर एकत्र बसले आणि पहिलं उदाहरण तेच का घेतलं इथपासून बोलणं सुरू झालं. एका विषयाच्या शिक्षकांचा असा गट तिथे शाळेच्या कामाचाच भाग असतो. तिथे प्राथमिकलाही बहुतेक ठिकाणी गणिताचे शिक्षक गणितच शिकवतात, म्हणून हे जमतं. तुम्ही परवानगीचं पत्र पाठवाल तेव्हा ‘तासानंतरच्या चर्चेलाही बसू द्या’ असं त्यात स्पष्ट लिहा. आयत्या वेळी गेटवरून आत सोडत नाहीत.

स्थळांचं म्हणाल तर शिआनला दोन दिवस द्या. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक बघालच. १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. गर्दी असते, सकाळी लवकर जा. पण शिक्षकांनी चुकवू नये ते शिलालेखांचं संग्रहालय, ‘बेइलिन’. तांग घराण्याच्या काळात, ८३७ साली कोरून पूर्ण झालेले कन्फ्यूशियस परंपरेतले अभिजात ग्रंथ तिथे ११४ शिळांच्या दोन्ही बाजूंवर आहेत. नकलताना चुका होत, म्हणून प्रमाण पाठ दगडावर ठेवला. दगडाचं पाठ्यपुस्तकच म्हणा ना!

त्याच शहरात मोठा ‘रानहंस पॅगोडा’ आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग भारतातून ६४५ साली परतला, त्याने आणलेल्या ग्रंथांसाठी तो ६५२ मध्ये बांधला. हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला होता आणि इथल्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. पुढे सरकारी अधिकारी निवडायची राजपरीक्षा पास झालेले उमेदवार याच पॅगोड्यात आपली नावं लिहीत. बीजिंगला कन्फ्यूशियस मंदिरात १९८ शिळांवर अशीच उत्तीर्णांची पन्नास हजारांहून जास्त नावं आहेत, शेजारीच जुनी राजविद्यापीठाची वास्तू. ती परीक्षा १९०५मध्ये बंद झाली, पण तिथे उभं राहिल्यावर आजच्या ‘गाओकाओ’ची, म्हणजे विद्यापीठ प्रवेशपरीक्षेची, धास्ती कुठून आली ते कळतं. बीजिंगच्या राजवाड्याची (‘फॉरबिडन सिटी’) तिकिटं मात्र आधी काढा, पासपोर्ट लागतो आणि सोमवारी तो सहसा बंद असतो.

तारखांची काळजी घ्या. आपली मे महिन्याची सुट्टी सोयीची, कारण तिथे तेव्हा शाळा चालू असतात. पहिला आठवडा टाळा, कामगार दिनाची सुट्टी असते. ७ जूनच्या आसपास गाओकाओमुळे बऱ्याच शाळा परीक्षाकेंद्रं होतात. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर रिकाम्या इमारती बघाल. गटात शाकाहारी असतील तर ‘वो छ्र सू’ (मी शाकाहारी जेवण जेवतो) हे चिनी लिपीत कागदावर लिहून ठेवा, तोंडी सांगून भागत नाही.

आणि एक दिवस शिजियाझुआंगसाठी काढाच. बीजिंगहून वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतं. तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आणि पुतळा आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. आम्ही गेलो तेव्हा शाळकरी मुलांची एक रांग फुलं ठेवत होती, ‘के दिहुआ’ हे त्यांचं चिनी नाव मुलांच्या तोंडी ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो. सोलापुरातलं त्यांचं घर आता स्मारक आहे, निघण्याआधी ते बघून जा, आणि तिथले फोटो तुम्ही भेट द्याल त्या शाळेतल्या मुलांना दाखवायला बरोबर न्या.