नगरपरिषद स्वतःच्या कामाचा आढावा कसा घेते, आणि तो नागरिकाला तपासता येतो का?

तुमचं म्हणणं असं की नळाला दिवसाआड पाणी, घंटागाडी आली तर आली, आणि नगरपरिषदेच्या वार्षिक अहवालात मात्र सगळ्या सेवा 'समाधानकारक'. मग हे तपासतं कोण? मी एका क वर्ग नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे महाराष्ट्रापुरतं आणि मुख्यतः पाण्याबद्दल सांगतो. क वर्ग म्हणजे २५ ते ४० हजार वस्तीचं गाव. महानगरपालिकेत खाती मोठी आणि साहेब जास्त, पण तऱ्हा फारशी वेगळी नाही.

आढावे भरपूर होतात, कमी नाहीत. मुख्याधिकाऱ्यांची आठवड्याची बैठक असते, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेची महिन्याची असते, वरून राज्याच्या नगरपालिका संचालनालयाची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ बैठक असते. पण जे वर विचारलं जातं तेच खाली विचारलं जातं. जानेवारी उजाडला की विषय एकच: वसुली. चालू मागणी किती, जुनी थकबाकी किती, जमा किती टक्के. ३१ मार्चपर्यंत पाण्याच्या माणसांनाही घरपट्टीच्या पथकात धाडतात. त्या दोन-तीन महिन्यांत कुठल्या भागात किती वेळ पाणी सुटतंय हे बैठकीत कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

सेवांचं खरं मोजमाप व्हावं म्हणून केंद्र सरकारने २००८ मध्ये 'सर्व्हिस लेव्हल बेंचमार्क' आणले. ऑफिसात त्याला नुसतं एसएलबी म्हणतात. पाणी, मलनिःसारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा अशा चार सेवा, एकूण २८ निर्देशांक. पाण्याचे ९: माणशी रोज १३५ लिटर, २४ तास पुरवठा, हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांच्या आत, ८० टक्के तक्रारींचं निवारण वगैरे. तेराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी हे आकडे राजपत्रात छापायची अट घातली, तेव्हापासून सगळे भरायला लागले. योजना कागदावर उत्तम आहे, हे मी मनापासून सांगतो. गोम आहे ती आकडा येतो कुठून यात.

माणशी लिटर कसे काढतात ते बघा. जॅकवेलवर, म्हणजे जिथून पंप पाणी उचलतो त्या विहिरीवर, एकूण पाणी मोजणारा बल्क मीटर नसतो, किंवा असतो आणि बंद असतो. मग समजा पंप ताशी २ लाख लिटरचा आहे आणि लॉगबुकप्रमाणे २० तास चालला. झाले रोजचे ४० लाख लिटर. त्याला लोकसंख्येने भागायचं. लोकसंख्या कुठली? २०११ च्या जनगणनेतली, कारण अधिकृत तीच. ती ३० हजार धरली की माणशी १३३ लिटर येतात, म्हणजे जवळपास मानकाइतके! गावात आज प्रत्यक्ष ४० हजार माणसं राहत असली तर तोच आकडा १०० वर येतो. वाटेत ३० टक्के गळती धरली तर घरात ७० लिटर पोचतात. आणि पंप जुना झाला की पाटीवर लिहिलेलं पाणी तो उचलत नाही, ते वेगळंच. यात कुणी खोटं लिहिलेलं नाही. प्रत्येक आकड्याला कागद आहे.

पुरवठ्याच्या तासांचंही तसंच. दिवसाआड एक तास पाणी म्हणजे रोजची सरासरी अर्धा तास. तक्त्यात 'एक तास' लिहिला जातो, कारण व्हॉल्व्हमन एक तास चावी उघडी ठेवतो हे खरंच आहे.

म्हणून तो तक्ता हातात आला तर आकड्यांच्या आधी शेजारचा रकाना वाचा. प्रत्येक निर्देशांकापुढे विश्वासार्हतेची श्रेणी असते, ए ते डी. मीटरने मोजलेलं असेल तर ए. पंपाची क्षमता गुणिले तास असा अंदाज असेल तर डी. ज्याने ही पद्धत बसवली त्याला आपली माणसं काय करणार याची पुरती कल्पना होती. पण बातमी होते १३३ ची, डी ची होत नाही.

तक्रारींच्या बाबतीत 'निकाली' हा शब्द जपून वाचा. तक्रार आली, प्लंबरला चिठ्ठी दिली, की रजिस्टरला 'संबंधितास कळविले, निकाली'. पाइप जोडला का, हे बघायला त्यात रकानाच नाही. ॲप आल्यावरही फार बदललं नाही, कारण तिकडेही तक्रार बंद करणारा तोच विभाग असतो.

दाखल्यांचं चित्र मात्र बरं आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कराचा उतारा, नवी नळजोडणी अशा सेवांना मुदत लावून दिली. सेवा देण्याची जबाबदारी असलेला पदनिर्देशित अधिकारी ठरलेला, दोन अपिलं खात्यात आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दंड ५०० ते ५,००० रुपये, तोही अधिकाऱ्यावर. पाचशे रुपयांपेक्षा सेवेच्या नोंदीत डाग नको, ही भीती मोठी असते. पण बघा, कायदा नळजोडणी वेळेत देतो; जोडणीतून पाणी येतं का, हा त्याचा विषय नाही.

स्वच्छ सर्वेक्षणाबद्दल लोक नाक मुरडतात. पथक यायच्या आधी भिंती रंगतात, हे खरंच आहे. तरी मी त्याच्या बाजूने बोलेन. बाहेरचा माणूस प्रत्यक्ष गावात येऊन बघतो असा हा आमच्याकडचा जवळपास एकमेव आढावा. लोणावळा, सासवड यांच्यासारख्या छोट्या गावांची नावं देशात गाजली ती यामुळे, आणि शेजारच्या गावांना त्याची चुरस लागते. पाण्यासाठी असं काही इतक्या जोरात झालं असतं तर आमचे बल्क मीटर केव्हाच बसले असते.

लेखापरीक्षणाचं थोडक्यात: स्थानिक निधी लेखापरीक्षा येते, ती पैसा नियमाने खर्च झाला का हे बघते. निविदा, मोजमाप पुस्तिका, वसूलपात्र रक्कम. आक्षेप निघतात, 'अनुपालन सादर' होतं म्हणजे लेखी उत्तर जातं, वर्षानुवर्षं चालतं. ठेकेदाराचं बिल बिनचूक होतं, एवढं त्यातून कळेल. गल्लीतला कचरा उचलला का, हे नाही.

राहिले नगरसेवक. कायद्याने खरा आढावा त्यांचाच. पाणीपुरवठा समिती, स्वच्छता व आरोग्य समिती, सर्वसाधारण सभा. पण २०२१-२२ पासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते, म्हणजे काम करणारं आणि जाब विचारणारं कार्यालय एकच. आता सभागृहं परत भरली आहेत. आपल्या नगरसेवकाला गटाराच्या झाकणापलीकडचं काही विचारा; एसएलबीचा तक्ता सभेपुढे मागायला सांगा.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर राज्य सरकारचा २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे: दर सोमवारी दुपारी ३ ते ५, स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सुरुवातीला 'असं काही नसतं' हे उत्तर मिळेल, म्हणून निर्णयाची प्रत सोबत न्या. तरी नाही दाखवलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा 'पाच वर्षांची सर्व माहिती' असलं काही लिहू नका. एकाच महिन्याचे दोन कागद मागा: पंपिंग स्टेशनचं लॉगबुक आणि त्याच महिन्याचं महावितरणचं बिल.

आता हिशेब. १०० एचपीचा पंप म्हणजे साधारण ७५ किलोवॅट. लॉगबुकात रोज २० तास लिहिलेले असतील तर महिन्याचे ६०० तास, म्हणजे ४५ हजार युनिटच्या आसपास बिल हवं. पंप पूर्ण भाराने चालत नाही, तिथले दिवेही असतात, त्यामुळे थोडा इकडेतिकडे फरक चालायचाच. पण बिलात ३० हजारच युनिट दिसले, तर पंप दिवसाला तेरा-चौदा तासांपेक्षा फारसा जास्त चाललेला नसणार. लॉगबुक आमचा माणूस लिहितो, बिल महावितरणचा मीटर. हे दोन कागद जोडून मुख्याधिकाऱ्यांना एवढंच लेखी विचारा: एसएलबीच्या तक्त्यात माणशी लिटर काढताना यातले कुठले तास धरले?