सिस्टरांना विचारा : घरी आल्यावर जखम कोण बघणार?

प्रश्न : बायकोचं दुसरं सिझर पुढच्या महिन्यात आहे. पहिल्या वेळी घरी आल्यावर टाक्यांत पू झाला, आम्हाला उशिरा कळलं. दवाखाना 40 किलोमीटर, एका खेपेला रोज बुडतो. घरच्या घरी लक्ष कसं ठेवायचं?
– एक वाचक, धारणी तालुका

उत्तर : भाऊ, उशिरा कळलं हा तुमचा दोष नाही. पेशंट पाच-सहा दिवसांत घरी जातो आणि पू बहुतेकदा त्यानंतरच दिसतो. म्हणून 30 दिवस लक्ष ठेवायचं असतं.

माझ्या वॉर्डातली एक बाई बाराव्या दिवशी परत आली. लुगड्याची चिंधी जखमेला चिकटली होती. सलाईनने भिजवत भिजवत ती सोडवली, तर आत बोट जाईल एवढी जखम उघडलेली. सहाव्या दिवशी सोडताना तिच्या कागदावर ‘जखम कोरडी’ असं मीच लिहिलं होतं. त्या दिवशी ते खरंही होतं. पुढे मात्र कुणी बघितलंच नाही.

रोज सकाळी साबणाने हात धुवा, बायकोला दाराशी उजेडात निजवा आणि पोटाची वळी उचलून जखम बघा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. हाताची उलटी बाजू आधी वर पोटाला, मग टाक्यांशेजारी लावा; गरम लागतंय का? दुखणं रोज थोडं उतरायला हवं. उतरलेलं पुन्हा चढलं, की मला धास्ती वाटते. दुखण्याची गोळी देण्याआधी ताप मोजा, नाहीतर गोळीने तो झाकला जातो. दुधाचा हिशोब मांडता त्याच कॅलेंडरवर हे लिहा, मोबाईलवर फोटो काढा.

सिझर झालेल्या घरी आशाताई 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी येतात. बाळाचं वजन झालं की त्यांना जखमही दाखवा. आफ्रिकेतल्या रवांडा देशाच्या किरेहे जिल्ह्यात गावच्या आरोग्यसेविकांनी दहाव्या दिवसाच्या सुमारास घरी जाऊन जखमेचे फोटो काढले होते. आपल्या आशाताईंनाही हे जमेल, याची मला खात्री आहे.

पू, घाण वास, 100.4च्या वर ताप, उसवलेला टाका, अंगावरून वास येणारं जाणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी निघा. हुडहुडी भरली किंवा ग्लानी आली तर 108ला फोन करा. हळद, राख, पावडर लावू नका. मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नका.

आणि या वेळी डिस्चार्जचा कागद हातात आला की सिस्टरला विचारा, ‘जखम बिघडली तर फोन कोणाला करू?’ नंबर त्याच कागदावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.