स्नोशू घालून पहिल्यांदा शिकारीला निघताना

स्नोशू म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट. तिचं माप ठरवताना फक्त स्वतःचं वजन धरू नकोस. जाड कपडे, पाठीवरची पिशवी, बंदूक, सगळं मिळून जे होईल ते धर. भुसभुशीत ताज्या बर्फात लांब-रुंद स्नोशू लागतात. दाट झाडीत मात्र तेच फांद्यांत अडकतात, तिथे आखूड बरे.

आवाजाचा विचार आधी कर. ॲल्युमिनियमची चौकट आणि खालचे दाते बर्फाच्या कडक पापुद्र्यावर करकरतात, आणि हरणाला ते फार लांबून ऐकू जातं. लाकडी चौकटीचे, चामड्याच्या वादीने विणलेले जुन्या पद्धतीचे स्नोशू मला म्हणूनच आवडतात. त्यांची निगा जास्त राखावी लागते, वादी ओली झाली की सैल पडते, पण चालतात अगदी गुपचूप.

उलट पावली जाऊ नकोस. स्नोशूची मागची शेपटी बर्फात रुतते आणि माणूस पाठीवर आदळतो. वळायचं तर लहान पावलं टाकत गोल फिर.

आणि हे नीट लक्षात ठेव: नव्या माणसाचं पडणं ठरलेलंच आहे. चालताना बंदुकीचं चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, रिकामं ठेव. नळीच्या तोंडावर टेपचा तुकडा लाव. तरीही पडलास, तर उठल्यावर आधी बंदूक पूर्ण रिकामी कर आणि नळी आरपार बघ. आत बर्फ अडकलेला असताना गोळी झाडली तर नळी फुटू शकते. मी एकदा बघितलं, तेव्हा बोटभर बर्फ ठासून बसला होता.

पहिले दोन-तीन दिवस बंदूक घरीच ठेवून नुसता चालून ये.