माल्टात दोघांचा खर्च: भाड्याच्या पलीकडे काय धराल

तुम्ही विचारलंय की माल्टात नोकरी पक्की झाली आहे, भाड्याचा अंदाजही आलाय, पण दोघांसाठी त्याव्यतिरिक्त महिन्याला काय धरायचं. मी इथे सहा वर्षं राहतेय. आधी एकच सांगते, विजेच्या बिलाकडे भाड्याइतकंच लक्ष द्या.

इथे घरांना विजेचे दोन दर लागतात, 'रेसिडेन्शियल' आणि 'डोमेस्टिक'. पहिला कायम राहत्या घराचा. त्यात घरात किती माणसं नोंदवली आहेत त्यानुसार सूटही मिळते. दुसरा सुट्टीपुरत्या वापरायच्या घरांचा, आणि तो महाग. तुमची नोंदच झाली नसेल तर बारा महिने तिथे राहूनही हा दुसरा दर भरावा लागतो. माझ्या पहिल्या घरमालकांनी बिल कधी दाखवलं नाही, फक्त आकडा मेसेज करायचे. मी मुकाट्याने भरत होते. घर बदललं, पहिल्यांदा बिलाचा कागद हातात आला, त्यावर माणसांची संख्या २ छापलेली दिसली, आणि आधीच्या घरात माझी नोंदच नसल्याने वर्षभर कुठे पैसे गेले ते कळलं. फार वाईट वाटलं. म्हणून सही करण्याआधी घराचं शेवटचं बिल मागून घ्या आणि स्वतः वाचा. भाडेकरार हाऊसिंग ऑथॉरिटीकडे, म्हणजे सरकारी गृहनिर्माण खात्याकडे, नोंदवणं २०२० पासून सक्तीचं आहे, त्यावरही अडून राहा.

ऊन भरपूर असलं तरी हिवाळा स्वस्तात जात नाही. घरं चुनखडीच्या दगडाची, हवा समुद्राची. जानेवारीत बाहेरपेक्षा घरात जास्त गारठा वाटतो. पहिल्या वर्षी कपाटातल्या चामडी चपलांवर हिरवट बुरशी आली होती. आता डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, लावते आणि रोज सकाळी त्याची टाकी भरलेली असते. गॅसचा हीटर स्वस्त पडतो, सिलेंडरची गाडी हॉर्न वाजवत गल्लीत येते. पण गॅस जळताना वाफ होते आणि ओल आणखी वाढते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

राहायला स्लीमा, सेंट ज्युलियन्स, ग्झीरा हे भाग महाग. झाब्बार, बिर्झेब्बुजा त्यामानाने परवडतात. ऑक्टोबर २०२२ पासून स्वतःच्या नावाचं बसकार्ड असणाऱ्या रहिवाशांना बस फुकट आहे, त्यामुळे लांब राहिलात तर पैसे नाही, वेळ जातो. तोही बराच. गोझो या शेजारच्या बेटावर भाडी कमी आहेत, पण रोज फेरीबोटीने ये-जा करून नोकरी करायचा विचार असेल तर माझं मत नको असंच आहे.

बहुतेक खाद्यपदार्थ विकत घेताना व्हॅट नाही, हॉटेलात जेवलं तर १८ टक्के, म्हणून घरी रांधलं की फरक लगेच दिसतो. नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं, गोडं केलेलं. पिता येतं, पण चव पटत नाही म्हणून बहुतेक जण बाटल्या आणतात. प्रत्येक बाटलीमागे १० सेंट अनामत असते, रिकाम्या बाटल्या मशीनमध्ये टाकून परत घ्यायची.

येताना पहिलं भाडं, डिपॉझिट आणि एजंटची फी एकदम जाते, तेवढे पैसे हाताशी ठेवा. आणि फोटो बघून सही करू नका. वर्षाच्या करारात पहिले सहा महिने भाडेकरूला सोडता येत नाही. घर बघायला जाल तेव्हा पलंग पुढे ओढायला सांगा आणि मागची भिंत हाताने चाचपा. खोलीत तेवढ्याच भिंतीला ताजा रंग असेल, तर खाली बुरशी लपवलेली असू शकते, दुसरं घर बघा.